मुंबई–न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाताना सोळा तास आणि येताना चौदा का?

प्रश्न पुण्याहून आला आहे. आई पहिल्यांदाच एकटी लेकाकडे न्यू जर्सीला चालली आहे आणि मुलगी विचारते: "मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने नक्की किती अंतर आहे? एका साइटवर १२,५३० किलोमीटर दिसतं, दुसरीवर १२,५५०. तिकिटावर जाताना सोळा तास लिहिलेत, येताना चौदा. पण निघायची आणि पोचायची वेळ बघितली, तर जाताना साडेपाच तासच लागतात असं दिसतं! बाबा म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो. शिवाय थेट विमान घ्यावं की लंडन किंवा दुबईवरून जावं?"

माझी बहुतेक नोकरी विमान कंपन्यांच्या फ्लाइट डिस्पॅच विभागात गेली. विमान कुठल्या वाटेने न्यायचं, किती इंधन भरायचं, किती वेळ धरायचा, हे जमिनीवर बसून ठरवणारा तो विभाग. त्यामुळे हा प्रश्न घरच्या लग्नकार्यातही मला कुणी ना कुणी विचारतंच. एकदा नीट लिहून टाकतो.

आधी अंतर. मुंबईचा विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जेएफके यांच्यामधलं पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. साइटींच्या आकड्यांत वीस-तीस किलोमीटर इकडेतिकडे होतात त्याचं कारण साधं आहे. कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कुणी ती ध्रुवांपाशी चपटी आहे हे लक्षात घेतं (विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७). कुणी विमानतळापासून मोजतं, कुणी शहराच्या मध्यापासून. जेएफकेऐवजी न्यू जर्सीतला नेवार्क विमानतळ धरलात तर आणखी पंधरा-वीस किलोमीटर वाढतात. या फरकाला काही अर्थ नाही, त्यावर डोकं शिणवू नका. आमच्या कागदांवर किलोमीटर नसतातच, नॉटिकल मैल असतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर. त्या हिशेबाने हे अंतर साधारण ६,७६५ भरतं. परदेशी साइटवर ७,७९० च्या आसपासचा आकडा दिसला तर तो आपल्या नेहमीच्या रस्त्याच्या मैलांचा. तीन आकडे, अंतर एकच.

आता ही सर्वांत जवळची वाट जाते कुठून? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर ती अरबी समुद्र, सौदी अरेबिया, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक अशी आडवी जाईल. पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई-न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. दोरा वर, उत्तरेकडे सरकेल. तो सिंधमधून कंदाहारच्या बाजूने हेरातकडे जातो, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तान ओलांडतो, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून हेलसिंकीला पोचतो, तिथून आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, आणि मग वरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ अंशांच्या जरा खाली, पण वाट मध्ये जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाची रेघ कमानीसारखी वाकलेली दिसते आणि लोकांना वाटतं पायलट वळसा घालतोय. वळसा नाही. गोल पृथ्वी सपाट पडद्यावर दाखवली की सरळ वाटच वाकडी दिसते.

मौज पुढे आहे. या दोऱ्याखाली कोणते देश आले ते पुन्हा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आजच्या घडीला आकाशाची जेवढी दुखणी आहेत, तेवढी या एका ओळीत सापडतील.

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि पुढे महिन्या-महिन्याने ती बंदी वाढवत नेली. त्याआधी बालाकोटनंतर २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत असंच झालं होतं. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचं हवाई नियंत्रण कोलमडलं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी, ब्रिटिश आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे एकाच दिवशी, एकाच शहराकडे जाणारी दोन विमानं शेपटीवरच्या झेंड्याप्रमाणे वेगवेगळ्या वाटांनी जातात. भारतीय विमानाला पाकिस्तान बंद, अमेरिकी विमानाला रशिया बंद. म्हणून "मुंबई-न्यूयॉर्कला किती वेळ लागतो" असं विचारलं की आम्ही आधी विचारतो, कुणाच्या विमानाने?

तरी इथे एक गैरसमज दूर करतो, कारण बातम्या वाचून बऱ्याच जणांना वाटतं की जाताना लागणारे जादा तास या वळशामुळेच. मुंबईच्या बाबतीत तसं नाही. मुंबईच्या पश्चिमेला समुद्र आहे, हे तिचं मोठं भाग्य. विमान उडालं की पाकिस्तानच्या वाटेला न जाता समुद्रावरून ओमानकडे निघू शकतं. मुंबई-मस्कत-इस्तंबूल-न्यूयॉर्क असे तुकडे जोडून बघा. साधारण १,६००, ३,३७० आणि ८,०३० किलोमीटर, बेरीज १३,००० च्या घरात. दोऱ्याच्या वाटेपेक्षा फक्त पावणेपाचशे किलोमीटर जास्त. विमानाच्या वेगाने तो अर्धा तास झाला. लांबच्या प्रवासाची ही गंमत आहे: वाट जितकी लांब, तितकं मधे थोडं बाजूला सरकणं स्वस्त पडतं.

दिल्लीचं मात्र कंबरडं मोडतं. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात पाकिस्तानची हद्द. ती बंद असली की विमानाला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं, मग समुद्र, मग आखात. २०२५ मध्ये एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबा घ्यावा लागला तो यामुळे. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली, तेव्हा कंपनीने दिलेल्या कारणांत विमानांच्या तुटवड्यासोबत हे बंद आकाशही होतं. तुमच्या आईंचं तिकीट दिल्लीवरून असेल तर हे ध्यानात ठेवा. मुंबईवरून असेल तर त्या मानाने सुखाचं.

पण मुंबईलाही दरवेळी वाट मोकळी मिळेल असं नाही. १३ जून २०२५ ला इराण-इस्रायल संघर्ष भडकला आणि इराण, इराक, जॉर्डन, इस्रायल यांचं आकाश बंद झालं. भारतीय विमानांना पाकिस्तान आधीच बंद होता. उरली सौदी-इजिप्तची वाट. रियाध आणि कैरोवरून हिशेब केला तर १३,४०० किलोमीटर होतात, म्हणजे मूळ अंतरापेक्षा तास-सव्वा तास जादा. अशा दिवशी हवेत असलेली विमानं परत फिरवावी लागतात, आणि डिस्पॅचच्या खोलीत कुणाला चहाही आठवत नाही.

मग जाताना-येतानाचा दोन तासांचा फरक कशाचा? वाऱ्याचा. जवळजवळ सगळा वाऱ्याचा.

तीस ते चाळीस हजार फुटांवर, उत्तर गोलार्धात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून ते तयार होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यांना पूर्वेची दिशा मिळते. हिवाळ्यात हा फरक मोठा, म्हणून वारेही जोरात आणि थोडे दक्षिणेला सरकलेले. उन्हाळ्यात मवाळ. पट्ट्याच्या मध्यभागी ताशी दोन-अडीचशे किलोमीटर वेग काही नवलाचा नाही.

आता हिशेब करून दाखवतो, कारण नुसतं "वाऱ्यामुळे" म्हटलं की पटत नाही. मोठं विमान त्या उंचीवर हवेतून ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातं. हा वेग हवेच्या सापेक्ष, जमिनीच्या नाही. आपली वाट १३,००० किलोमीटरची धरू. वारा अजिबात नसेल तर १४ तास २७ मिनिटं. आता संपूर्ण वाटेची सरासरी काढून ताशी ६५ किलोमीटरचा समोरचा वारा धरा. जमिनीवरचा वेग झाला ८३५, वेळ १५ तास ३४ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९६५, वेळ १३ तास २८ मिनिटं. यात दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याची तीस-चाळीस मिनिटं मिळवा. जाताना सोळा, येताना चौदा. तिकिटावरचे आकडे आले की नाही?

यात एक बारकावा आहे. जाताना वाऱ्याने ६७ मिनिटं खाल्ली, येताना मात्र ५९ च परत दिली. लोक म्हणतात जाताना तोटा, येताना फायदा, फिट्टंफाट. होत नाही फिट्टंफाट. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तो जास्त नडतो. वारा जितका जोरात, तितकी ही तफावत वाढते.

वारा काय करू शकतो याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. किआरा नावाचं वादळ युरोपवर होतं आणि अटलांटिकवर जेट स्ट्रीम पिसाळली होती. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान जेएफकेहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा तास धरतात. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला का, अशी तेव्हा बरीच चर्चा रंगली. नाही ओलांडला. हवेतून ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच धावत होती.

आता बाबांचा मुद्दा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली न्यूयॉर्क स्वतःच सरकत यायला हवं, म्हणजे जाताना वेळ कमी लागायला हवा! प्रत्यक्षात उलटं होतं, यातच उत्तर आलं. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या लोकलच्या डब्यात तुम्ही पुढे चाललात काय आणि मागे चाललात काय, दाराशी पोचायला तेवढीच पावलं लागतात. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण आडून: वाऱ्यांना दिशा देण्यापुरता. बाबांना अर्धे गुण द्या.

एक डिस्पॅचर ही वाट प्रत्यक्षात कशी ठरवतो ते थोडं सांगतो, कारण पडद्यावरची रेघ आयती आकाशातून पडत नाही. विमान रात्री दोनला सुटणार असेल तर काही तास आधी पुढच्या वीस तासांचे वाऱ्याचे नकाशे समोर येतात, वेगवेगळ्या उंचीचे. वाऱ्याच्या काट्यांना पिसं काढलेली असतात: पूर्ण रेघ दहा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), अर्धी रेघ पाच, भरीव त्रिकोण पन्नास. एखाद्या जागी तीन त्रिकोण दिसले की समजायचं, पश्चिमेला जाणारं विमान इथे न्यायचं नाही. मग नोटॅम वाचायचे, म्हणजे कुठला देश, कुठला पट्टा, कुठली धावपट्टी कधी बंद आहे त्या सूचना. यांचा गठ्ठा लांबच्या प्रवासाला सहज शंभर पानांचा होतो. संगणक पाच-सहा वाटा काढून देतो, प्रत्येकीचा वेळ आणि इंधन वेगळं. बऱ्याचदा अंतराने सर्वांत छोटी वाट वेळाने सर्वांत मोठी निघते. अटलांटिकवर तर दररोज वाऱ्याप्रमाणे नव्या मार्गिका आखल्या जातात. सकाळी-दुपारी युरोपातून पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वेगळ्या, रात्री पूर्वेला जाणाऱ्यांसाठी वेगळ्या. काल गेलेली वाट आज मिळेलच असं नाही.

शेवटी जो कागद कॅप्टनच्या हाती जातो, त्यावर एकेका ओळीत पाच अक्षरी नावाचा एक बिंदू, तिथे पोचायला लागणारा वेळ, तिथला वारा आणि तोवर शिल्लक राहायला हवं ते इंधन. कॅप्टन वाटेत प्रत्येक बिंदूपाशी प्रत्यक्ष इंधन या कागदाशी ताडून बघतो. कझाकस्तानवर तीनशे किलो कमी, आइसलंडजवळ पाचशे कमी, असं दिसू लागलं की कॉकपिटमध्ये आणि आमच्याकडे दोन्हीकडे हिशेब सुरू होतात.

कमी अंतरापेक्षा कमी वेळ महत्त्वाचा, याचं माझं आवडतं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाने ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये अटलांटिकवरून सुरू केली, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाणारं विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास. आधीपेक्षा कमी! कारण वाटभर वारा पाठीशी. येताना ते अटलांटिकवरून यायचं, पुन्हा पूर्वेकडेच. म्हणजे एकाच तिकिटात प्रवाशाची अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा होत होती, आणि बहुतेकांना पत्ताही नव्हता. कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींपैकी कुणी त्या काळात गेला असाल तर तुम्ही ती केली आहे. न्यूयॉर्कला ही युक्ती चालत नाही, ते अमेरिकेच्या पूर्व टोकाला आहे आणि प्रशांतवरून फार लांब पडतं.

इंधनाबद्दल थोडं, कारण तास वाढला की बॅगा का मागे राहतात असं लोक रागाने विचारतात. ७७७-३००ईआर हे मोठं विमान अशा प्रवासात तासाला सरासरी सात-आठ टन इंधन जाळतं. म्हणजे एक तास वाढला की सत्तर-ऐंशी प्रवासी आणि त्यांच्या सामानाइतकं वजन वाढलं. त्यात जादा इंधनाचंही वजन वाहून न्यायला इंधन लागतं. जादा भरलेल्यातला साधारण तिसरा हिस्सा ते इंधन वाहून नेण्यातच संपतो. विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन ठरलेलं, या विमानाचं ३५१ टन. इंधन वाढलं तर दुसरं काहीतरी कमी करावं लागतं: आधी माल, मग रिकाम्या सीट, अगदीच नाइलाज झाला तर बॅगा पुढच्या विमानाने. मे महिन्याच्या दुपारी मुंबईत हवा तापून विरळ होते, तेव्हा एवढं जड विमान उचलणं आणखी अवघड. मध्यरात्रीची उड्डाणं सगळ्यांच्या झोपेच्या मुळावर येतात खरी, पण रात्रीची थंड हवा मदतीला येते. मुख्य कारण मात्र पलीकडच्या विमानतळांवर सकाळी मिळणाऱ्या उतरण्याच्या वेळा. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी तर रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं उतरूच देत नाहीत.

आता तिकिटावरचे ते गमतीदार साडेपाच तास. तिकिटावर नेहमी त्या-त्या गावची वेळ असते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. समजा जानेवारीत विमान मुंबईहून रात्री २ ला निघालं. न्यूयॉर्कला तेव्हा आदल्या दिवशीचे दुपारचे साडेतीन वाजलेत. त्यात सोळा तास मिळवा: सकाळचे साडेसात. तारीख तीच जी मुंबईत निघताना होती. म्हणून २ ते ७.३०, साडेपाच तास दिसतात. येताना दुपारी १२ ला निघालं, चौदा तासांनी न्यूयॉर्कचे रात्रीचे २, आपल्याकडे दुपारचे साडेबारा, दुसऱ्या दिवशीचे. कागदावर साडेचोवीस तास दिसतात. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात. विमान कंपन्यांचं वेळापत्रक मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत प्रवास असेल तर न्यायला येणाऱ्याने पोचायची वेळ पुन्हा तपासावी. लेकाने तासभर आधी येऊन पार्किंगचे पैसे भरू नयेत.

तिकिटावरचे सोळा तास म्हणजे हवेतले सोळा तास नव्हेत, हेही सांगून ठेवतो. विमानाच्या चाकांपुढची ठोकळी निघाल्यापासून पलीकडे ती पुन्हा लागेपर्यंतचा तो वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, एकीवरच सगळा भार. जेएफकेला संध्याकाळच्या गर्दीत रांगेतच पाऊण तास जाऊ शकतो. कंपन्या वेळापत्रकात थोडी उसंत धरूनच ठेवतात. त्यामुळे विमान अर्धा तास उशिरा निघूनही वेळेवर पोचलं तर पायलटने "हाणली" असं समजू नका. ती वेळ आधीच खिशात होती.

थेट जावं की थांबा घेऊन? अंतराचा विचार कराल तर फरक नगण्य. लंडनवरून मुंबई-न्यूयॉर्क १२,७६० किलोमीटर, म्हणजे फक्त सव्वादोनशे जास्त. दुबईवरून १२,९३०, चारशे जास्त. लंडन दोऱ्याच्या वाटेपासून बरंच दक्षिणेला आहे, तरी एवढ्या लांबच्या प्रवासात ते स्वस्तात पडतं. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागली तीही लंडनवरूनच. पण वेळ किलोमीटरमध्ये जात नाही, जमिनीवर जातो. खाली उतरणं, टर्मिनल बदलणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, वाट बघणं, पुन्हा चढणं. लंडनवरून दहा तास, तीन तास थांबा आणि आठ तास, असे एकवीस तास सहज होतात, दुबईवरूनही तेवढेच किंवा थोडे जास्त.

माझं मत विचाराल तर, आई एकटी आणि पहिल्यांदा जात असेल तर थेट विमान. दहा-पंधरा हजार जादा गेले तरी जाऊ द्या. परक्या विमानतळावर गेट शोधत धावण्यापेक्षा सोळा तास एका जागी बसणं बरं. उलट गुडघे धरत असतील, लघवीला वारंवार जावं लागत असेल आणि मधे पाय मोकळे करायला आवडत असेल, तर एक थांबा चांगला. पण मग दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, थांबा तीन तासांपेक्षा कमी नको आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवायची. थांब्याच्या देशाला ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही आधी बघून घ्या. वेगवेगळी दोन स्वस्त तिकिटं जोडून पैसे वाचवू नका. पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते.

मुलाचं घर एडिसनच्या बाजूला असेल तर जेएफकेऐवजी नेवार्क बघा. हवेतलं अंतर तेवढंच, पण नेवार्क न्यू जर्सीतच आहे. जेएफकेहून अख्खं न्यूयॉर्क ओलांडून यावं लागतं, आणि तिथल्या ट्रॅफिकपुढे आपला चांदणी चौक बरा म्हणायची पाळी येते.

औषधांचं लक्षात ठेवा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी "रात्री नऊला" घ्यायची असेल तर विमानात कुठले नऊ, हा घोळ होतो. निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळा तासांत लिहून घ्या: घरून शेवटचा डोस घेतल्यावर किती तासांनी पुढचा. इन्सुलिन असेल तर ते हँडबॅगेतच हवं, खालच्या सामानात नको.

आणि घरातल्यांना सोळा तासांचा आकडा सांगू नका. पुण्याहून मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटर, घाटात अडकलात तर पाच तासही लागतात. विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी. मग सोळा तास. पलीकडे इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत दीड-दोन तास, आणि तिथून घर. पुण्याच्या दारातून न्यू जर्सीच्या दारापर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस तास धरा. हिवाळ्यात जाताना आणखी अर्धा-पाऊण तास जास्त धरलात तर बरं, तेव्हा समोरचा वारा जोरात असतो. निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर विमान थेट आहे की इंधनासाठी मधे थांबणार आहे ते एकदा बघा. तसा थांबा आला तरी आईंना खाली उतरावं लागत नाही, सीटवरच बसायचं असतं, पण हे आधी माहीत नसेल तर मधेच व्हिएन्ना दिसल्यावर पोटात गोळा येतो.